लायसन्स बंद पडलं, रविवारी रिसेप्शन आहे: आता काय करायचं?

शुक्रवारची रात्र, सव्वानऊ. घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी सहाला एलईडी स्क्रीनवर लागायची सात मिनिटांची फिल्म माझ्या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर (क्लिप्स ओळीनं लावायच्या पट्टीवर) अर्धीमुर्धी पडलेली. मी चहा ठेवून परत आले, तर स्क्रीनवर चौकट: हे लायसन्स या कॉम्प्युटरवर चालणार नाही. पैसे भरलेले, पावती मेलमध्ये, वर्षाचे सात महिने शिल्लक. चौकटीवर बटण एकच, 'बाहेर पडा'.

कारण दोन दिवसांनी कळलं. पावसाळ्यात मदरबोर्ड गेला होता आणि आठवड्यापूर्वीच तो बदलून घेतला होता. सॉफ्टवेअर आठवडाभर गप्प चाललं. मग त्यानं आपल्या सर्व्हरला विचारलं, सर्व्हर म्हणाला हे मशीन माझ्या ओळखीचं नाही, आणि दार बंद. कंपनीचं उत्तर पाचव्या दिवशी आलं. नम्र होतं. तोवर लग्नही लागलं होतं आणि रिसेप्शनची पंगतही उठली होती.

मी ठाण्यात घरूनच लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं एडिट करते. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचंही असं अडलं की फोन मला येतो. त्या फोनवर जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण फ्लॅट 'लिव्ह अँड लायसन्स'वर घेतो, अकरा महिन्यांच्या करारावर. त्यातलं लायसन्स आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स हा शब्द एकच आहे आणि अर्थही तोच: राहायची परवानगी, मालकी नाही. मालकानं उद्या कुलूप बदललं तर भांडता येईल, पण आजची रात्र बाहेरच काढायची. घर त्याचं असलं तरी आतलं सामान मात्र आपलं असतं. फुटेज, प्रोजेक्ट फाइल, कट कुठे मारले त्याची यादी, हे आपलं सामान. म्हणून आधी सामान बाहेर काढायचं, भांडण नंतर.

पहिली पायरी: हात मागे घ्या

घाबरून माणूस पहिली गोष्ट करतो ती अनइन्स्टॉल. ती करू नका. विंडोज पुन्हा टाकणं तर त्याहून वाईट, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरना ते 'आणखी एक नवीन कॉम्प्युटर' वाटतं आणि उरलेलं अ‍ॅक्टिव्हेशनही (एका मशीनवर लायसन्स चालू करायची परवानगी) त्यात खर्ची पडतं.

मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढा. एरर नंबर, तारीख, वेळ, सॉफ्टवेअरचं नेमकं व्हर्जन हे सगळं त्यात यायला हवं. मग प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर, ऑटोसेव्हच्या फोल्डरसकट, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. प्रीमियर प्रो आणि एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल साध्या फोल्डरमध्ये सापडते. डाविंची रिझॉल्व्हचा मामला वेगळा आहे: प्रोजेक्ट त्याच्या डेटाबेसमध्ये राहतो, त्यामुळे नुसती क्लिप्सची फोल्डरं उचलून नेलीत तर एडिट मागेच राहील. तिथे प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करावा लागतो. फायनल कटवाल्यांनी लायब्ररी उचलताना एक बघा. ती एकच फाइल दिसत असली तरी आत फुटेज आहे की बाहेरच्या फुटेजकडे नुसतं बोट दाखवते आहे, हे कुठली सेटिंग होती त्यावर अवलंबून असतं.

दुसरी: रविवारचं काम सोडवा

सॉफ्टवेअर उघडतं पण एक्स्पोर्ट अडवतं किंवा वॉटरमार्क मारतं, की उघडतच नाही? यावर सगळं ठरतं.

उघडत असेल तर आधी टाइमलाइन एक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या यादीच्या फाइलमध्ये, बाहेर काढून बघा. पुष्कळदा व्हिडिओ एक्स्पोर्ट बंद असतं, पण टाइमलाइनची यादी बाहेर काढायचा पर्याय चालू राहिलेला असतो. एक्सएमएल नसेल तर एएएफ, तेही नसेल तर ईडीएल, हे अशाच यादीचे दुसरे प्रकार. ईडीएल हा टेपच्या जमान्यातला प्रकार. कुठल्या क्लिपचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा कुठे बसवला, एवढंच त्यात लिहिलेलं असतं, आणि तेही मुख्यतः एका व्हिडिओ ट्रॅकपुरतं. कट आणि टाइमकोड येतात. टायटल, कलर, प्लगइनचे (वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचे) इफेक्ट, स्पीड रॅम्प (वेग हळूहळू बदलणं) यांतलं बरंचसं गळतं. पण सात मिनिटांच्या फिल्ममध्ये दीडशे कट असतील तर ते दीडशे कट वाचणं म्हणजेच रात्र वाचणं. टायटल तासाभरात पुन्हा होतात.

ही यादी घेऊन जायचं कुठे? माझा पहिला मुक्काम रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. ती ट्रायल नाही. तिला मुदत नाही आणि वॉटरमार्कही नाही, फक्त काही पैसेवाले इफेक्ट लावलेत तर त्या शॉटवर शिक्का येतो. अल्ट्रा एचडी, म्हणजे ३८४० बाय २१६०, पर्यंत एक्स्पोर्ट देते. हॉलच्या एलईडी भिंतीला एवढं पुरून उरतं. फाइल मेनूतून टाइमलाइन इम्पोर्ट करा, एक्सएमएल दाखवा, क्लिप्सचं फोल्डर दाखवा. दोन ठिकाणी ठेच लागते. एक, लिनक्सवरची मोफत आवृत्ती कॅमेऱ्यांचं नेहमीचं एच.२६४ फुटेज उघडत नाही, म्हणून हे काम विंडोज किंवा मॅकवरच करा. दोन, नव्या कॅमेऱ्यांचं १० बिट फुटेज मोफत आवृत्तीत कधी कधी काळं दिसतं किंवा 'मीडिया ऑफलाइन' म्हणतं. त्यावर उपाय म्हणजे शटर एन्कोडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं ते फुटेज डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायचं. फाइली अवाढव्य होतात, टाइमलाइनवर लागलेल्या क्लिप्सच बदला.

सॉफ्टवेअर उघडतच नसेल, तर त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मशीनवर उघडणं हा सर्वांत जवळचा रस्ता. मी तेच केलं. शुक्रवारी रात्री हार्ड डिस्क ओढणीत गुंडाळून ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवरून वाशी लोकल पकडली आणि कोपरखैरण्याला मैत्रिणीकडे गेले. तिच्याकडे तेच सॉफ्टवेअर, एक व्हर्जन पुढचं. इथे लक्ष ठेवा: नवं व्हर्जन जुना प्रोजेक्ट उघडताना तो बदलून घेतं आणि मग जुन्या व्हर्जनमध्ये तो परत उघडत नाही. म्हणून तिच्याकडे कॉपीच उघडायची, मूळ फाइल डिस्कवर तशीच. फॉन्ट आणि म्युझिक न विसरता न्या. मी फॉन्ट विसरले होते, आणि 'शुभविवाह' रात्री दोनला भलत्याच अक्षरात दिसत होतं.

जवळ असं कुणी नसेल तर ट्रायल किंवा महिन्याचं सबस्क्रिप्शन. प्रीमियरची ट्रायल सात दिवसांची असते आणि ती संपली की पैसे आपोआप कापले जातात. फायनल कटचीही ट्रायल मिळते, अर्थात मॅक असेल तर. सबस्क्रिप्शन घेताना प्रीमियरच्या कंपनीच्या, म्हणजे अडोबीच्या, पानावर दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात: 'मासिक' आणि 'वार्षिक, मासिक हप्त्यानं'. दुसरा स्वस्त दिसतो म्हणून बोट तिकडे जातं. पण तो वर्षाचा करार आहे. पहिल्या १४ दिवसांनंतर मोडलात तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. एका लग्नासाठी घेत असाल तर महागडा वाटणारा मासिकच घ्या.

क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्स तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, एकच वाक्य: त्याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग आहे आणि लोकांच्या मुलींची लग्नं आहेत.

तिसरी: नेमकं कशानं अडलं, ते शोधा

काम गेलं की मग शांतपणे डॉक्टरकी करायची. सोप्यापासून अवघडाकडे जा.

घड्याळ. हसू नका. मशीन चार-पाच वर्षांचं झालं की मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपते. वीज गेली की तारीख थेट काही वर्षं मागे जाते. मग सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही, कारण आजचं सर्टिफिकेट त्या जुन्या तारखेला 'अजून सुरूच झालेलं नाही' असं दिसतं. ब्राउझरमध्येही साइट उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येत असेल तर हेच. बॅटरी चाळीस-पन्नास रुपयांना मिळते.

पेमेंट. आपल्याकडच्या निम्म्या केसेस इथे सापडतात, आणि यात कंपनीचा दोष असतोच असं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कापले जाणारे पैसे ई-मॅन्डेटशिवाय, म्हणजे आपण आधी नोंदवून दिलेल्या परवानगीशिवाय, कापता येत नाहीत. मॅन्डेट नोंदवताना ओटीपी लागतो, आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. २०२२ च्या जूनपासून १५,००० रुपयांपर्यंतची कपात दर वेळी ओटीपी न मागता होते. त्याहून मोठी असली की प्रत्येक वेळी ओटीपी. आता आपलं गणित बघा. महिन्याच्या हप्त्याचं सबस्क्रिप्शन बिनबोभाट चालतं. तेच वर्षाचं एकरकमी घेतलं आणि रक्कम १५,००० च्या वर गेली, तर नूतनीकरणाच्या दिवशी मंजुरी मागणारा मेसेज येतो. आपण तेव्हा कुणाच्या तरी हळदीत कॅमेरा धरून असतो. कार्डाची मुदत संपून नवं कार्ड आलं तरी जुनं मॅन्डेट भरवशाचं राहत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये मॅन्डेटची यादी दिसते, ती उघडून बघा.

अ‍ॅक्टिव्हेशनची संख्या. अडोबीत एका अकाउंटवर दोन मशीनवर साइन-इन राहता येतं. रिझॉल्व्ह स्टुडिओची, म्हणजे रिझॉल्व्हच्या पैसेवाल्या आवृत्तीची, 'की' (लायसन्सचा नंबर) दोन मशीनवर चालते. जुना लॅपटॉप भाच्याला दिला आणि त्यातून साइन-आउट केलं नाही, तर एक जागा त्यानं अडवलेली असते. मशीन बंद पडलेलं असेल तरी बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर अकाउंटमध्ये शिरून जुनं मशीन काढता येतं. माझ्या त्या सॉफ्टवेअरला ही सोय नव्हती. मेल लिहूनच सुटका.

हार्डवेअर. लायसन्स मशीनला ओळखतं ते मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्या नंबरांवरून. रॅम वाढवली तर सहसा काही होत नाही. मदरबोर्ड बदलला तर मशीन नवंच झालं म्हणायचं. काही सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डालाच धरून बसतात. वायफायचा यूएसबी खुंट काढला की बंद, लावला की चालू.

होस्ट्स फाइल. मशीन सेकंडहँड घेतलं असेल तर हे बघाच. विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात ईटीसी नावाचं फोल्डर असतं, त्यात ही फाइल. आधीच्या मालकानं क्रॅक चालवताना कंपनीच्या सर्व्हरचे पत्ते इथे अडवून ठेवलेले असतात. तुम्ही पैसे भरून खरं लायसन्स घेता आणि ते बिचारं स्वतःच्याच सर्व्हरपर्यंत पोचत नाही. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या ओळी काढल्या की सुटतं. अँटिव्हायरस आणि फायरवॉलचंही तेच, थोडा वेळ बंद करून बघा.

विकणारा कोण होता? 'लाइफटाइम की, फक्त १,५०० रुपये' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेऊन कुणी आलं असेल तर ती बहुधा एखाद्या कॉलेजच्या किंवा कंपनीच्या घाऊक लायसन्समधली असते. तिकडे खातं बंद झालं की इकडे तुम्ही बाहेर. अशा वेळी मूळ कंपनीशी भांडून काही निघत नाही, कारण तिच्या वहीत तुमचं नावच नाही.

आणि खरोखरच्या 'लाइफटाइम'चं काय? लाइफ नेमकं कुणाचं, ते विचारा. अडोबीनं सीएस२ या आपल्या जुन्या सॉफ्टवेअर संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर २०१२ च्या डिसेंबरात बंद केले. तेव्हा निदान अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत तरी दिली होती. फायनल कट प्रो ७ घेतलेल्यांचं लायसन्स कुणी काढून घेतलं नाही, पण मॅकच्या २०१७ च्या हाय सिएरा या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते उघडेना. कायमचं लायसन्स हे एका व्हर्जनपुरतं आणि त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमपुरतं कायमचं. जुनं सॉफ्टवेअर जपायचं असेल तर जुनं मशीनही जपा, आणि त्यावरचं विंडोजचं ऑटो-अपडेट बंद ठेवा. मग ते मशीन इंटरनेटला जोडू नका, हेही आलंच.

चौथी: कंपनीला मेल

एकच मेल, पण पूर्ण. पावतीचा नंबर आणि तारीख, खरेदीचा मेल आयडी, सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे, एररचा फोटो, काय बदललं (मदरबोर्ड, अमुक तारखेला), तुम्ही काय काय करून बघितलं, आणि नेमकं काय हवं: जुनं अ‍ॅक्टिव्हेशन रद्द करून द्या. राग आपल्यापाशी ठेवा. तो टायपला की पहिलं उत्तर हमखास 'रिस्टार्ट करून बघा' असं येतं. पूर्ण माहिती दिलीत तर ती एक फेरी वाचते. तिकीट नंबर आला की त्याच धाग्यात लिहायचं. नव्यानं मेल टाकलात तर रांगेत परत शेवटी.

वेळेचंही बघा. कंपनी कॅलिफोर्नियातली असेल तर तिथलं सकाळी नऊचं ऑफिस आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला उघडतं. आपली शनिवारची सकाळ म्हणजे त्यांची शुक्रवारची रात्र. म्हणून शुक्रवारी अडलं तर जेवण उरकून चॅटवर बसा. झोप आली म्हणून सकाळवर ढकललंत तर थेट सोमवारी रात्री.

पाचवी: पैसे परत मागायचे असतील तर

कंपनीनं दोनदा मागूनही दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोनवर मराठीत बोलता येतं. कार्डानं पैसे भरले असतील तर त्याच आठवड्यात बँकेकडेही व्यवहाराबद्दल तक्रार टाका. तिथे उशीर केला तर ऐकून घेत नाहीत.

त्यापुढे ग्राहक आयोग. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही' असं समोरचा म्हणतो आणि पुष्कळ जण तिथेच गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. घरी बसून एकटीनं एडिट करणारी मी ग्राहक आहे. दहा एडिटर ठेवणाऱ्या स्टुडिओला हे पटवणं जड जाईल. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, कंपनी कुठलीही असो. ठाण्यात जिल्हा आयोग आहे, नवी मुंबईकरांसाठी सीबीडी बेलापूरला कोकण भवनातलं अतिरिक्त ठाणे आयोगाचं दार आहे, आणि ई-जागृती पोर्टलवर घरूनही दाखल करता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. परदेशी कंपनीवर वीसेक हजारांसाठी तारखा घ्यायच्या का, हा मात्र ज्याचा त्याचा हिशेब. मी घेतल्या नाहीत. इथल्या डीलरकडून पक्कं बिल घेतलं असतं तर घेतल्या असत्या, कारण मग समोर उभं करायला कुणीतरी असतं. तेव्हापासून बिल नेहमी माझ्या नावावर, आणि अकाउंटचा मेल आयडीही माझाच. असिस्टंटच्या मेलवर सॉफ्टवेअर घेतलेला एक स्टुडिओ मला माहीत आहे. असिस्टंट लग्न होऊन नाशिकला गेला, आणि पासवर्ड विसरल्याचे सगळे मेल त्याच्याबरोबर नाशिकला.

सहावी: सामान बांधून ठेवा

प्रत्येक काम संपलं की चार गोष्टी एका फोल्डरात: फायनल फिल्म प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये, तीच फिल्म अक्षरांशिवाय, टाइमलाइनचं एक्सएमएल, आणि प्रोजेक्ट फाइल. सोबत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये फॉन्ट आणि प्लगइनची नावं. प्लगइनना त्यांची स्वतःची वेगळी लायसन्सं असतात हे आपण विसरतो. मुख्य सॉफ्टवेअर ठणठणीत आणि ट्रान्झिशनच्या पॅकनं काळ्या चौकटी दाखवल्या, हेही होतं. अर्ध्यावरच्या कामाचं एक्सएमएल मी आता रोज रात्री काढते. तीस सेकंद लागतात. अक्षरांशिवायची प्रत मात्र कंटाळा आला की राहून जाते, खोटं कशाला बोलू.

मशीन दुरुस्तीला देण्यापूर्वी आधी साइन-आउट किंवा डीअ‍ॅक्टिव्हेट. ते सुरू होतंय तोवरच हे करता येतं, म्हणून पंखा आवाज करायला लागला किंवा स्क्रीन निळी पडायला लागली की त्याच दिवशी करा. दुरुस्तीवाल्याला सांगा, बोर्ड बदलायचा असेल तर आधी फोन कर.

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे अपडेट बंद. मोसम संपला की पावसाच्या तोंडावर सगळं एकदम. नूतनीकरणाच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दहा दिवस आधी लाल गोल करून. आईनं एकदा तो गोल बघून कुणाचा वाढदिवस म्हणून विचारलं होतं.

आणि शक्य असेल तिथे डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली. रिझॉल्व्ह स्टुडिओ 'की' किंवा 'डोंगल' अशा दोन्ही रूपांत मिळतं. डोंगल ज्या मशीनला लावाल तिथे चालतं, इंटरनेट नाही, सर्व्हर नाही, मदरबोर्ड कितीदा बदललात त्याची विचारपूस नाही. हरवलं तर मात्र गेलं, म्हणून ते पेनड्राइव्हच्या ढिगात टाकू नका. माझं लाल दोरा बांधून गोदरेजच्या कपाटात, घराच्या अ‍ॅग्रीमेंटच्या फाइलशेजारी असतं.